घर क्रमांक चौदा रिकामे राहू नये म्हणून

जिद्द बिडी कामगार महिला गृहनिर्माण संस्थेच्या सर्व सभासद बायांनो, आणि आया गेल्यावर ज्यांची नावे सभासदांच्या यादीत चढली त्या मुलामुलींनो,

आपल्या सगळ्यांचे दुखणे एकच आहे. जिथे आपले घर आहे तिथे आपल्या लेकरांना काम नाही, आणि जिथे त्यांना काम आहे तिथे त्यांना घर नाही. आपली वसाहत चौसष्ट घरांची. त्यातल्या तेवीस घरांना आज कुलूप आहे. ज्यांची कुलपे आहेत ती माणसे पिंपरी, चाकण, नाशिक आणि कल्याणला भाड्याच्या खोल्यांत राहतात. याला कोण जबाबदार, असे भाषण मी तीस वर्षे सरकारकडे बोट दाखवून केले. आज ते बोट थोडे वळवायचे आहे.

मी, लंकाबाई गोरक्षनाथ ठुबे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी बिड्या वळणे व भाषणे करणे, आता नुसतीच भाषणे, राहणार घर क्रमांक चौदा, केडगाव, अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि कोणाला घाबरूनही नव्हे, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझ्या छातीत चाळीस वर्षांची तंबाखूची धूळ आहे. डोके साफ आहे. तसा दाखला द्यायला डॉक्टरांनी मला आजचा वार, माझे वय आणि तेविसातून सात गेले किती, हे विचारले. उत्तरे दिल्यावर मी त्यांना विचारले, "दवाखान्याची जागा तुमची का भाड्याची?"

"भाड्याची, आजी."

"किती दिवसांचा करार?"

"अकरा महिन्यांचा."

"मग आधी तुमचं बघा," मी म्हटले. ते हसले आणि त्यांनी सही केली.

कलम एक. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे समजावे.

कलम दोन. माझे पती गोरक्षनाथ मार्केट यार्डात हमाल होते. ते २००७ साली वारले. आम्हाला एकच अपत्य, मुलगी ज्ञानेश्वरी. ती आणि जावई राधाकृष्ण पुण्याला असतात. त्यांची मुलगी संस्कृती आठ वर्षांची आहे. मला दुसरा वारस नाही. पण माझ्यावर एका माणसाचे देणे आहे, आणि ते पैशाचे नाही. म्हणून ते इथे लिहून ठेवते.

लग्न होऊन मी पारनेरहून नगरला आले तेव्हा आमच्या बिडीच्या कारखान्यात शंभरेक बाया सुपे मांडीवर घेऊन बसायच्या. त्यात सातवी शिकलेली मी एकटी. एक दिवस सकीना शेख माझ्याकडे वर्तमानपत्र सरकवून म्हणाली, "लंका, तू वाच. तुझ्या बिड्या मी वळते." तेव्हापासून रोज मी वाचायचे आणि माझ्या वाट्याच्या बिड्या सकीना आणि तिच्या ओळीतल्या बाया वाटून घ्यायच्या. बातम्या वाचल्या, कादंबऱ्या वाचल्या, कामगार कायद्याची पुस्तके वाचली, दुसऱ्या देशांचे इतिहास वाचले. ग्रंथालयातला माणूस म्हणायचा, "बाई, एवढी पुस्तकं नेता, बिड्या कधी वळता?" मी वळतच नव्हते. मी जे काही शिकले ते दुसऱ्यांच्या बोटांवर शिकले. माझ्या भाषणांना टाळ्या पडल्या. माझ्या वाट्याची पाने मात्र सकीनाने कापली.

कलम तीन. आता नियम नऊबद्दल. तो मी आणला, म्हणून तो कसा आला तेही मीच लिहिते.

१९९४ साली आपल्याला ही घरे मिळाली. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी. चाव्या हातात पडून पंधरा दिवस झाले नाहीत तोच मच्छिंद्र नावाचा एक प्लॉटवाला मोटरसायकलवर येऊ लागला. आडनाव लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. बायांचे नवरे गाठून तो सांगायचा, "वर मजला मी माझ्या पैशानं बांधून देतो. तुमी वर रहा, खालचं माझ्या नावावर करा." पलीकडच्या एका वसाहतीत खालचे त्याच्या नावावर गेले, वरचे कधी बांधलेच नाही, आणि सहा महिन्यांत अकरा बाया रस्त्यावर आल्या होत्या. त्यातल्या दोघी पुन्हा आपल्याच कारखान्यात, आपल्याच शेजारी येऊन बसल्या आणि भाड्याचे घर शोधू लागल्या.

मी पेटले. सभेत चाळीस मिनिटे बोलले. नियम असा: कोणीही घर बाहेरच्याला विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, आणि वर मजला चढवायचा नाही. मच्छिंद्रला आत शिरायला मी सुईएवढी फट ठेवली नाही.

तेव्हा सकीना उभी राहिली. सभेत ती कधी बोलत नसे. ती म्हणाली, "लंका, पोरं मोठी झाल्यावर कुठं ठेवायची गं? वर चढवायचंच न्हाई म्हंजे?"

मी माईकवरून म्हणाले, "सकीनाला गच्चीवर पतंग उडवायचेत वाटतं." बाया हसल्या. सकीनाही हसली आणि खाली बसली. ठराव एकमताने मंजूर झाला.

तो विनोद मी परत घेते. एकतीस वर्षे उशीर झाला आहे. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी विनोद केला. सभेत बोलणारी माणसे असेच करतात.

कलम चार. पुण्याबद्दल. हे कलम लांब आहे, कारण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाळा हीच झाली.

राधाकृष्णची कंपनी चाकणला, ज्ञानेश्वरीचे विमा कंपनीतले काम बाणेरला. दोन नोकऱ्या दोन दिशांना. घर मध्ये कुठेतरी हवे. नऊ वर्षांत त्यांनी पाच घरे बदलली. करार संपला की मालक भाडे वाढवतो नाहीतर "मुलाचं लग्न आहे" म्हणतो. जावयाने नगरच्या एमआयडीसीतही विचारून पाहिले. पगार निम्मा सांगितला. निम्म्या पगारात घर चालले असते, शाळा आणि पुढचे शिक्षण बसले नसते.

२०२२ साली मी तीन महिने त्यांच्याकडे होते. घर शोधायला सोबत फिरले. एका एजंटाने दोन खोल्यांची किंमत सांगितली, तेव्हा मी विचारले, "विटा कुठल्या रे बाबा? वेगळ्या भट्टीच्या का?"

तो पोरगा हुशार होता. म्हणाला, "काकू, वीट तीच, सिमेंट तेच. गवंडी तर तुमच्याच जिल्ह्यातनं येतात. भाव विटेला नसतो. या गेटातून निघालं की कंपनीत पोचायला किती मिनिटं लागतात, भाव त्याला असतो."

एवढी पुस्तके वाचून मला जे उमगले नव्हते ते त्याने एका दमात सांगितले. राजूरला माझ्या मावसबहिणीचे सागवानी दारांचे चार खोल्यांचे घर आहे. पाच वर्षे झाली, गिऱ्हाईक नाही. ते घर केडगावात असते तर दोन महिन्यांत गेले असते. पिंपळे सौदागरला असते तर तिच्या नातवंडांनी काम केले नसते तरी चालले असते. घर तेच, दारे तीच. कामाच्या जवळ जायला माणसे जितकी धडपडतात तितका जमिनीचा भाव चढतो. आणि जिथून माणसे निघून जातात तिथे सागवानालाही कोणी हात लावत नाही.

पण हे अर्धेच झाले. माणसे आली तशी घरेही उठली, तर भाव इतका चढायचे कारण नाही. बाजारात मेथीची गाडी जास्त आली की जुडी उतरते, हे आपल्यातल्या कोणाला सांगायला नको. मग पुण्यात घरांची गाडी का येत नाही? काही बिल्डर जमीन दाबून बसतात. काही परवान्यांच्या फायली हलत नाहीत. पाण्याची, रस्त्यांची सोय मागे राहते. हे सगळे मी भाषणांत सांगत आले आहे आणि ते खरे आहे. एक कारण मात्र मी कधी सांगितले नव्हते. ते मला ज्ञानेश्वरीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भेटले.

तीन मजल्यांच्या त्या जुन्या इमारती पाडून अकरा मजले करायचे का, यावर सभा होती. भाडेकरूंना मत नव्हते. मी आणि ज्ञानेश्वरी जिन्यात उभ्या होतो. एक निवृत्त इंजिनियर उठले. पांढरे केस, स्वच्छ आवाज, हात हलवायची ढब अशी की मी बघतच राहिले. म्हणाले, "आमचं पाणी, आमचा उजेड, आमची शांतता! उद्या इथं बाहेरची माणसं येऊन बसतील. आपण चाळीस वर्षं जपलेलं त्यांना का द्यायचं?" खोटे काही बोलत नव्हते ते. टँकर रोज येत होता, मुलांना खेळायला जागा नव्हती. भाषण उत्तम झाले. सगळ्यांत आधी टाळी मी वाजवली.

ज्ञानेश्वरीने माझा हात धरला. "आई, टाळ्या कशाला वाजवतेस? ती बाहेरची माणसं म्हणजे आपणच आहोत."

ते भाषण माझे होते. चौऱ्याण्णव सालचे, फक्त शुद्ध बोलीत. पुण्यातल्या दर सोसायटीत माझ्यासारखी एक लंकाबाई आहे. तिचे घर झालेले आहे, तिचा आवाज चांगला आहे, आणि आपल्यानंतर येणाऱ्याला ती दारातूनच परत पाठवते. ती वाईट नसते. तिला कोणीतरी एकदा फसवलेले असते, किंवा फसवतील अशी भीती असते. पण तिच्या टाळ्यांचे पैसे माझी मुलगी दर महिन्याला भाड्यात भरते.

कलम पाच. सकीनाची नात कैनात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिचा नवरा परवेझ टेम्पो चालवतो. सकीनाच्या दोन खोल्यांत सात माणसे, म्हणून ही दोघे रस्त्यापलीकडे पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहतात. उन्हाळ्यात ड्युटीवरून आलेले ते पोर दुपारी झोपायला आजीच्या ओट्यावर येते. नव्या कॉलन्यांत त्यांनी नऊ ठिकाणी विचारले. फोनवर खोली असते. आडनाव सांगितले की खोली गेलेली असते. घराच्या भावात ही गोष्टही धरा: काही माणसांना कमी दारे उघडतात, म्हणून त्यांना तीच खोली महाग पडते.

मागच्या वर्षी कैनात माझ्याकडे आली. "नानी, तुमच्या बाजूचं तेरा नंबर बंदच हाय ना? आक्काबाईंना कल्याणला फोन करून विचारलं, त्या द्यायला तयार हायत."

"नियम हाय बाई," मी म्हणाले.

"कुणी केला?"

एकतीस वर्षांत मला गप्प बसवणारी ती पहिली. तो मान तिच्या आजीचा असता, जर मी माईक सोडला असता.

कलम सहा. आता जे मी कोणाला सांगितले नाही ते.

मी एकटी आहे. मला एक खोली पुरते. आतली खोली मी दहा वर्षे रिकामी ठेवली आहे. नियमाचे कारण देत आले. नियम नसता तरी मी ती कोणाला दिली नसती. मला वाटायचे, खोली भरली की ज्ञानेश्वरी कधीच परत येणार नाही. रिकामी ठेवली तर येईल. त्या खोलीला मी दर दिवाळीला रंग देते. खिडकीखाली बुटका कट्टा करून घेतला, संस्कृतीला बसून वाचता येईल असा. ती त्यावर आजवर तीनदा बसली. आता तिचे पाय जमिनीला टेकतात.

रोज संध्याकाळी फोन येतो.

"आई, इकडं ये ना राहायला."

"तूच ये की इकडं."

"तिथं येऊन काय करू, सांग."

मग आम्ही भाजीचे बोलतो. फोन ठेवल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन दिवा लावते आणि थोडा वेळ बसते. पलीकडे पत्र्याखाली एक पोर घामाघूम झोपलेले मला माहीत असते. तरी मी बसते. ज्या तेवीस घरांना कुलूप आहे त्यांतल्या किती घरांत असा एकेक बुटका कट्टा असेल, ते तुमचे तुम्ही जाणा. आपण कोणाची तरी वाट पाहतो आहोत. त्या पाहण्याला आपण नियम म्हणतो.

ज्ञानेश्वरी येणार नाही. हे मी शुद्धीत लिहिते आहे आणि हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. तिची चूक नाही. तिचे काम तिथे आहे. नगरला तसे काम आले तर ती येईल. रंग दिलेल्या खोलीमुळे येणार नाही.

कलम सात. म्हणून माझ्या मालमत्तेची व्यवस्था अशी.

घर क्रमांक चौदा ज्ञानेश्वरीच्या नावे व्हावे. तिने ते बंद ठेवू नये. खालच्या दोन्ही खोल्या कैनात आणि परवेझ यांना पंधरा वर्षांसाठी भाड्याने द्याव्यात. करार रीतसर नोंदवलेला असावा, अकरा महिन्यांचा नको. भाडे ज्ञानेश्वरीने घ्यावे, तिच्या पुण्याच्या भाड्याला तेवढाच हातभार. माझ्या ठेवीतून, महापालिकेची परवानगी घेऊन, वर एक खोली आणि संडास-न्हाणी बांधावी. ती वरची खोलीही रिकामी ठेवू नये. शिकणाऱ्या किंवा कामाला आलेल्या दोन मुलींना द्यावी, आणि देताना आडनाव विचारू नये. मग मी नगरला आले तर कुठे राहणार, असे ज्ञानेश्वरी विचारेल. बाळा, तू आलीस तर कैनात तुला खाली गादी घालेल. तिला तसे मी विचारले आहे. ती म्हणाली, "नानी, दीदीला विचारून गादी घालायची असती का?"

कलम आठ. पुस्तके दोनशे चाळीस. ती संस्कृतीची. पुण्याच्या घरात एवढी मावणार नाहीत हे मला कळते. तिने एका खेपेला दोनच न्यावीत आणि ती वाचून झाली की बदलायला यावे.

कलम नऊ. माझे सूप, कात्री आणि पाने कापायचा पत्र्याचा साचा सकीनाला. तसा तो तिनेच जास्त वापरला.

कलम दहा. मच्छिंद्रला काही नाही. गेल्या दिवाळीत तो पेढे आणि कराराचा कागद घेऊन आला होता. बायपासला त्याच्या आता सहा इमारती आहेत. म्हणाला, "ताई, लई जुनं झालं आता ते. सोडा की राग. अख्खी वसाहत द्या, प्रत्येकीला फ्लॅट देतो." मी म्हणाले, "मच्छिंद्रा, पेढे ठेव, कागद घेऊन जा." पेढे चांगले होते. राग तसाच आहे आणि तो मी कोणालाही वारशाने देत नाही, माझ्याबरोबर जाईल. पण माझा राग जाईल म्हणून तुम्ही सावधपणा सोडू नका. नियम नऊला तीन दात आहेत. बाहेरच्याला विकायचे नाही, हा दात राहू द्या. तो मच्छिंद्रसाठी आहे. भाड्याने द्यायचे नाही आणि वर चढवायचे नाही, हे दोन उपटून टाका. ते आपल्याच लेकरांना आणि शेजाऱ्यांना लागत आहेत.

कलम अकरा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी संस्थेचा सचिव हर्षल याने करावी. तो म्हणतो, "आजी, तुमचं कलम सात नियमात बसत नाही." बरोबर आहे. नियम बदलला नाही तर माझे घर चोविसावे कुलूप होईल आणि कैनात पत्र्याखालीच राहील. माझ्या एकटीच्या सहीने ते होत नाही. म्हणून या कागदाची प्रत मी जिवंत असतानाच सभेत वाचावी, अशी मी त्याला परवानगी देते. माझा आवाज आता दहा मिनिटेही टिकत नाही.

कलम बारा. नियमदुरुस्तीला सभेत हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. घरी बसून पाठिंबा देता येत नाही, फोनवरही नाही. पुण्या-नाशकातल्या सभासदांनी पहाटेची गाडी धरावी. सभेत कोणी उठून सुंदर भाषण करील. आमची शांतता म्हणेल, आमचे पाणी म्हणेल, बाहेरची माणसे म्हणेल. त्याला हसू नका. त्याच्यावर विनोद करू नका. त्याला पूर्ण बोलू द्या, आणि पाण्याची टाकी वाढवायचा ठराव त्याच्याकडूनच मांडून घ्या.

आणि मग, बायांनो, रविवार दिनांक २८ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी दहा वाजता, संस्थेच्या पटांगणात, नियम नऊमधली भाड्याची आणि मजल्याची बंदी रद्द करण्याचा ठराव हर्षल वाचील, तेव्हा हात वर करा.

ठिकाण: केडगाव, अहिल्यानगर
दिनांक: १० ऑगस्ट २०२५

लिहून देणार: लंकाबाई गोरक्षनाथ ठुबे (सही; अंगठा नव्हे)

आम्ही खाली सह्या करणाऱ्यांनी लंकाबाईंना आमच्यासमोर सही करताना पाहिले, आणि त्यांच्यासमोर आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार १: आक्काबाई बन्सी घुले, घर क्रमांक तेरा (सध्या मुक्काम कल्याण)
साक्षीदार २: रेश्मा ज्ञानेश्वर काळे, अंगणवाडी सेविका, घर क्रमांक एकोणतीस